कोनशिला कोणाची, नोकरी कोणामुळे?

न्हावा शेवा बंदरातल्या चौथ्या कंटेनर टर्मिनलची निविदा पहिल्यांदा निघाली, एका कंपनीसमूहाला काम मिळाले आणि २०१२ मध्ये तो व्यवहार फिसकटला. निविदा पुन्हा काढावी लागली. सिंगापूरच्या पीएसए कंपनीशी करार झाला तो मे २०१४ मध्ये. मनमोहनसिंग सरकारचे ते शेवटचे दिवस, लोकसभेचे मतदान चालू होते. भूमिपूजन केले नरेंद्र मोदींनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये. पहिला टप्पा राष्ट्राला अर्पण केला तोही त्यांनीच, फेब्रुवारी २०१८ मध्ये. आता त्या टर्मिनलवर जी माणसे कामाला लागली, ती कोणत्या पक्षाने लावली म्हणायची? उरण तालुक्यात दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते या प्रश्नाचे उत्तर ठामपणे देतात, आणि दोघांच्याही खिशात फोटो असतो.

हा वाद आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत तो दर चार वर्षांनी रंगतो. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अॅलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन या अर्थशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धानंतरची आकडेवारी तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापला. डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात अर्थव्यवस्था रिपब्लिकनांच्या काळापेक्षा वर्षाला सुमारे १.८ टक्के अंशांनी जास्त वाढली होती. डेमोक्रॅट खूश झाले. पण कारणे शोधू गेल्यावर सापडले तेलाचे भाव, उत्पादकतेची चढउतार आणि बाहेरच्या जगाची परिस्थिती. अध्यक्षांच्या अर्थसंकल्पाने फरक पडल्याचा पुरावा फारसा मिळाला नाही.

न्हावा शेव्याची गोष्ट क्रमाने पाहिली तर आपल्याकडेही तेच दिसते, आणि शिवाय अमेरिकेच्या आकड्यांत न दिसणारे आणखी काही दिसते.

बंदर यायच्या आधी उरणच्या खाडीकाठी काम नव्हते असे समजणारा माणूस बाहेरचा असतो. खारबंदिस्ती करून समुद्रापासून राखलेली भातशेती होती, मिठागरे होती, खाडीत जिताडे आणि कोळंबी होती. आगरी, कोळी, कराडी समाजाची गावे यावर जगत होती. श्रीमंती नव्हती, पण कोणाच्या गेटवर उभे राहून कामाला घ्या म्हणायची पाळीही नव्हती. या माणसांना सरकारशी भांडायची सवय जुनी. चिरनेरचा जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३० चा, तोही याच तालुक्यातला. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे शेती न करता खोतांविरुद्ध संप चालवला. त्या लढ्याच्या मातीत पुढे शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, रुजला. १९८४ मध्ये जे घडले ते आकाशातून पडले नव्हते.

बंदराची गरज मुंबईत तयार झाली. मुंबई बंदर शहराच्या पोटात अडकलेले. मागे रस्ते अरुंद, गोद्या जुन्या, जहाजे बाहेर नांगर टाकून खोळंबलेली. त्यातच जगात मालवाहतुकीची पद्धत पालटत होती. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन या अमेरिकन ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. गोणी, पिंपे, खोकी एकेक करून उतरवायला जिथे माणसांच्या टोळ्या दिवसेंदिवस राबत, तिथे एक क्रेन आणि थोडी माणसे पुरू लागली. ही पेटी मुंबईत पोहोचली तेव्हा तिला ठेवायला जागाच नव्हती. जागा होती खाडीपलीकडे.

पलीकडे १९७० मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ताब्यात घ्यायला सुरुवात झाली. न्हावा आणि शेवा ही त्या पट्ट्यातली दोन गावे. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडले आणि ओएनजीसीचा प्रकल्प उरणला, पुरवठा तळ न्हाव्याला आला. तालुक्याने कंपनीची नोकरी जवळून पाहिली ती तेव्हापासून. दरमहा पगार, प्रॉव्हिडंट फंड, दवाखाना. घरटी एक नोकरी मिळाली पाहिजे, ही मागणी त्यातून घट्ट झाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. भूसंपादनाची भरपाई सातबाऱ्यावर नाव असेल त्याला मिळते. खाडीचा सातबारा नसतो. मासे धरणारा कोळी आणि मिठागरात रोजावर राबणारा मजूर यांचे काम गेले तरी कागदोपत्री काही गेलेच नव्हते. बंदराने किती रोजगार दिला याचे आकडे पुढे पुष्कळ निघाले. किती नेला, हे मोजायची तसदी कोणत्याच सरकारने घेतली नाही.

१९८४ उजाडले. राज्यात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, केंद्रात इंदिरा गांधी. बंदरासाठी जमिनीचा ताबा घ्यायचा होता आणि त्याच वर्षी जागतिक बँक या प्रकल्पाला २५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर करत होती. शेतकऱ्यांचे पुढारी होते जासईचे दि. बा. पाटील, शेकापचे. बंदर नको असे ते म्हणत नव्हते. जमिनीला वाजवी भाव द्या, आणि विकसित होणाऱ्या जमिनीत मूळ मालकाला वाटा द्या, एवढी त्यांची मागणी होती. १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. दोघे गेले. दुसऱ्या दिवशी नवघर-पागोटे भागात पुन्हा गोळीबार, तिघे गेले. जासईला आणि पागोट्याला दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, आणि व्यासपीठावर सगळ्या पक्षांचे लोक असतात.

त्या वर्षीच्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती काँग्रेसची लाट होती, देशभर चारशेच्या वर जागा देणारी. कुलाबा, म्हणजे रायगडच्या, मतदारसंघाने मात्र दि. बां.ना दिल्लीला पाठवले. पाच वर्षांनी बरोबर उलटे झाले. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले, नेहरूंच्या जन्मशताब्दीच्या वर्षात त्यांचेच नाव लावून. नोव्हेंबरातल्या लोकसभा निवडणुकीत राजीव गांधींचे सरकार गेले, आणि कुलाब्यातून काँग्रेसचे बॅरिस्टर अंतुले निवडून आले. देश काँग्रेसकडे गेला तेव्हा कुलाबा शेकापकडे, देशाने काँग्रेसला सोडले तेव्हा कुलाबा काँग्रेसकडे! बंदराने मते मिळतात की जातात, याचा हिशेब या दोन निकालांवरून कोणी मांडून दाखवावा.

साडेबारा टक्क्यांचा निर्णय १९९० मध्ये आला, शरद पवार मुख्यमंत्री असताना. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन मूळ मालकाला परत, असे त्याचे सूत्र. सही काँग्रेस सरकारची. पण ती त्यांच्याकडून करून घेतली रस्त्यावरच्या लोकांनी आणि कधीही मंत्री न झालेल्या विरोधी पुढाऱ्याने. नवी मुंबईतल्या कित्येक आगरी घरांत आज जी मिळकत दिसते, तिचे मूळ या सूत्रात आहे. बंदरासाठी ज्यांची जमीन गेली, त्यांच्या हातात मात्र हे भूखंड वेळेवर आले नाहीत. इरादापत्रे मिळायला ऑगस्ट २०१४ उजाडावे लागले, म्हणजे गोळीबाराला तीस वर्षे उलटून गेल्यावर. तीही पंतप्रधानांच्या कार्यक्रमात, विशेष आर्थिक क्षेत्राच्या कोनशिलेबरोबर.

शेवा कोळीवाड्याची गोष्ट याहून वाईट. सुमारे अडीचशे कुटुंबांचे हे गाव उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवले. त्या जागेला वाळवी लागली. दारांच्या चौकटी, छपराचे वासे पोखरले जाऊ लागले. पुन्हा पुनर्वसन करा ही मागणी घेऊन हे लोक सगळ्या रंगांच्या सरकारांकडे जाऊन आले.

आता नोकऱ्यांकडे वळू. बंदर सुरू झाले तेव्हा मुंबईत गिरण्यांचा संप होऊन सात वर्षे झाली होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातले बहुसंख्य परत कामावर गेलेच नाहीत. त्यांत रायगड-रत्नागिरीचे पुष्कळ होते. अशा काळात समोरच्या किनाऱ्यावर नवे बंदर येणार म्हटल्यावर आशा वाढल्या तर नवल काय? पण हे बंदर बांधलेच होते यंत्रांसाठी. जुन्या मुंबई गोदीत माल हलवायला हजारो हात लागत; इथल्या पटावर कायम कामगार तुलनेने अगदी थोडे. प्रकल्पग्रस्ताचा दाखला ज्यांनी वेळेवर मिळवला आणि ज्यांची ओळख होती, ते आत गेले. बाकीचे गेटबाहेर.

गेटबाहेरच खरा रोजगार उभा राहिला, आणि तो कोणत्याच सरकारने आखलेला नव्हता. १९९१ मध्ये नरसिंह राव आणि मनमोहनसिंग यांनी आयात-निर्यातीची कुलपे काढली. हे श्रेय देता येईल असे एक मोठे पाऊल. पण ते न्हावा शेव्याचा विचार करून टाकलेले नव्हते, परकीय चलनाची गंगाजळी संपत आली म्हणून टाकलेले होते. व्यापार वाढला आणि ज्या बंदराला सुरुवातीला काम पुरत नव्हते तिथे जागा पुरेना. १९९६ मध्ये देवेगौडा सरकारने बंदरांत खासगी गुंतवणुकीचे नियम ठरवले. जुलै १९९७ मध्ये, गुजराल पंतप्रधान असताना, ऑस्ट्रेलियाच्या पी अँड ओ पोर्ट्सच्या समूहाशी ३० वर्षांचा करार झाला. देशातले हे पहिले खासगी कंटेनर टर्मिनल. ते चालू झाले १९९९ मध्ये, वाजपेयींच्या काळात. मग २००६ मध्ये मर्स्कच्या एपीएम टर्मिनल्सचे तिसरे टर्मिनल चालू झाले, तेव्हा सरकार पुन्हा काँग्रेस आघाडीचे. धोरण एकाचे, करार दुसऱ्याचा, उद्घाटन तिसऱ्याचे, हा इथला रिवाजच आहे. मोठ्या बांधकामाला लागणारी वर्षे आणि सरकारांची मुदत यांचा मेळ बसत नाही, एवढेच त्याचे साधे कारण.

टर्मिनलच्या मागे उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनर फ्रेट स्टेशने, म्हणजे स्थानिकांच्या बोलीत सीएफएस, तीसेकच्या वर उभी राहिली. बंदरातून पेटी इथे येई. कस्टमचा माणूस, एजंट, सर्व्हेअर जमले की सील तोडायचे. दार उघडले की आत चाळीस फूट खोलीपर्यंत खोकी रचलेली, आतली हवा उन्हाने तापलेली. माथाडी आत शिरून दाराकडून मागे एकेक थर मोकळा करत जात. खोकी बाहेर, मोजणी, फाटले-भिजले असेल त्याची नोंद, मग गोदामात किंवा थेट ट्रकवर. बाहेर ट्रेलरची रांग, चालक-क्लीनर, त्यांच्यासाठी चहा-वडापावच्या टपऱ्या, टायर पंक्चरवाले, वजनकाटे, झेरॉक्सची दुकाने. करळ फाट्यावरून जो एकदा गेला असेल त्याला हा संसार वर्णन करून सांगावा लागत नाही. तालुक्यातल्या सामान्य घराचे पोट प्रामुख्याने यावर चालू लागले.

ही कामे बहुतेक ठेक्याची. आणि ठेका कोणाला, हा प्रश्न आला की राजकारण आत शिरते. मजूर पुरवण्याचा, गाड्या लावण्याचा, सफाईचा ठेका गावातल्या पुढाऱ्यांकडे जातो. सत्ता बदलली की पुढाऱ्यांच्या गाडीवरचा झेंडा बदलतो, ठेका बदलतोच असे नाही. पक्षाने नोकरी दिली असे गावात म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की असलेल्या नोकरीवर कोणाचा पोरगा घ्यायचा हे त्या पक्षाच्या माणसाने ठरवले. नोकरी निर्माण करणे वेगळे आणि वाटणे वेगळे.

बाहेरचे जग किती जवळ आहे हे तीन वेळा कळले. २००८-०९ मध्ये अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि इथली वर्षानुवर्षे चढणारी कंटेनरची संख्या किंचित घसरली. २०२०-२१ मध्ये करोनाने ती आदल्या वर्षीच्या ५० लाखांवरून ४७ लाखांच्या आत आणली. तिसरा प्रसंग सर्वांत विलक्षण. जून २०१७ च्या अखेरीस युक्रेनमधून पसरलेल्या एका संगणकी हल्ल्याने मर्स्कची जगभरची यंत्रणा बंद पाडली, आणि न्हावा शेव्यातले तिचे टर्मिनल ठप्प झाले. क्रेन ठीक होत्या, माणसे हजर होती. कोणती पेटी कुठे आहे हे सांगणारा संगणक मेला होता. त्या दिवसांत ज्या रोजंदारीवाल्याचे काम बुडाले त्याने दोष कोणत्या पक्षाला द्यायचा?

पण सरकार काहीच करत नाही असेही नाही. कधी कधी ते एका हाताने देते आणि दुसऱ्याने काढून घेते. २०१४ मध्ये शेव्याला विशेष आर्थिक क्षेत्राची कोनशिला बसली आणि पुढे नेत्यांच्या भाषणांत त्यातून लाखाच्या वर रोजगार येतील असे आकडे येत राहिले. त्याच सरकारने २०१६ पासून थेट बंदरातून माल उचलण्याच्या पद्धतीवर, डीपीडीवर, जोर दिला. आयातदाराचा वेळ वाचला, पैसा वाचला. व्यवसाय सुलभतेच्या जागतिक बँकेच्या यादीत भारत १४२ वरून ६३ व्या क्रमांकावर गेला, त्यात बंदरातल्या या सुधारणांचाही वाटा होता, कारण ती मोजणी दिल्ली आणि मुंबई या दोनच शहरांवरून होत असे. देशाच्या दृष्टीने निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पण जी पेटी थेट कारखान्यात जाते ती सीएफएसमध्ये उघडत नाही. काही सीएफएस ओस पडली, उरणचे कामगार कमी झाले, मोर्चे निघाले. यादीतल्या क्रमांकाचा फलक लागला. गेलेल्या कामांचा फलक कोण लावणार?

डिसेंबर २०२० मध्ये बंदराच्या विश्वस्त मंडळात आणखी एक निर्णय झाला. बंदराचे स्वतःच्या मालकीचे, १९८९ पासूनचे मूळ टर्मिनल खासगी कंपनीला चालवायला द्यायचे. कामगार प्रतिनिधींनी विरोध केला, बाहेर निदर्शने झाली. २०२२ मध्ये करार झाला आणि ते टर्मिनल एका खासगी जोडीकडे गेले. कायम कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. यानंतरही बंदराची वाढ थांबली नाही. २०२४-२५ मध्ये वीस फुटी पेटीच्या हिशेबात ७३ लाख कंटेनर हाताळले गेले, तोवरचा उच्चांक. म्हणजे ज्या काळात पेट्या वाढल्या त्याच काळात बंदराच्या पटावरचा कायम कामगार घटला. कंटेनरच्या आकड्यावरून रोजगाराचा आकडा काढणाऱ्यांनी ही दोन टोके शेजारी ठेवून पाहावीत.

श्रेयाची ओढ कुठवर जाते याचा नमुना म्हणून नवी मुंबई विमानतळाच्या नावाकडे बघा. जून २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली, सिडकोला घेराव घातला, दि. बां.चेच नाव हवे म्हणून. २९ जून २०२२ ला उद्धव ठाकरे यांच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत ठराव झाला. १६ जुलैला शिंदे-फडणवीस सरकारने तोच ठराव पुन्हा केला. नाव एक, ठराव दोन, मधे तीन आठवडेही नाहीत.

एवढे सगळे पाहिल्यावर माझे मत असे आहे. न्हावा शेव्यात किती नोकऱ्या झाल्या, याचे श्रेय एका पक्षाला देणे चुकीचे; ती संख्या लोखंडी पेटीने, १९९१ च्या चलनटंचाईने, चीनच्या आणि युरोपच्या बाजाराने ठरवली. सहा-सात पंतप्रधानांनी तिच्यात थोडी थोडी भर घातली, आणि त्यांच्या जागी दुसरे असते तरी बहुधा तेच केले असते. नोकरी कशी असेल, कायम की ठेक्याची, जमीन गेलेल्याला की ठेकेदाराच्या माणसाला, हे मात्र सरकारने ठरवले, आणि तिथे हिशेब मागता येतो. १९८४ च्या गोळ्यांचा जबाब तेव्हाच्या सरकारकडे, साडेबारा टक्क्यांचे श्रेय आधी लढणाऱ्यांना आणि मग सही करणाऱ्यांना, ते द्यायला लागलेल्या दोन तपांचा दोष त्या दोन तपांत सत्तेवर बसलेल्या सगळ्यांना. कायम नोकरीची ठेकेदारी झाली ती मात्र एका राजवटीत नाही. १९९७ चा करार, २०२२ चा करार, मधले सगळे, यांत पक्ष बदलले, दिशा एकच राहिली.

आता पुढचा आकडा आलेला आहे. पालघर जिल्ह्यात वाढवणला नवे बंदर होणार आहे. त्यात न्हावा शेव्याच्या बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा. ही कल्पनाही नवी नाही. १९९० च्या दशकात युती सरकारच्या काळात ती पुढे आली आणि १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने फेटाळली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींच्या वर खर्चाला मंजुरी दिली, तेव्हाच्या निवेदनात सुमारे १२ लाख रोजगारांचा उल्लेख आहे. ३० ऑगस्टला भूमिपूजन झाले. वाढवणच्या मच्छीमारांनी हा आकडा ऐकला की उरणला एक चक्कर मारावी आणि विचारावे: किती जण कोणाच्या पटावर, किती वर्षांसाठी, आणि मोजणीत आमची गेलेली मासेमारी धरली आहे का?

उरणकरांना तर याहून जवळची तारीख आहे. १९९७ चा तो पहिला खासगी करार ३० वर्षांचा होता. २०२७ मध्ये त्याची मुदत संपते. पुढच्या करारात स्थानिकांच्या कायम नोकऱ्यांची अट आकड्यासह लिहून घ्यायची असेल तर ती निविदेच्या मसुद्यातच आली पाहिजे, आणि तो मसुदा कोनशिलेच्या कितीतरी आधी, मंडप न घालता, तयार होतो. आपल्या आमदार-खासदाराला, पक्ष कोणताही असो, त्याची प्रत आत्ताच मागा.